विजयदुर्गचे ग्रहण आणि सह्याद्रीचा दगड

विजयदुर्गच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून जे चौथरे दाखविले जातात, त्यांच्याविषयी एक समजूत आपल्या भागात फार दृढ झाली आहे. नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात तेथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला, असे मालवणपासून देवगडपर्यंत कोणीही सांगेल. दरवर्षी त्या तारखेस तेथे हेलियम दिनही साजरा होतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडातच होता. ग्रहणासाठी आलेला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होता तो आंध्रातील गुंटूरला. लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे तिच्या अज्ञात धन्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू रॅम्झीला सापडला १८९५ मध्ये.

मग विजयदुर्गचे नाव यात आले कोठून? लॉकियर विजयदुर्गास आला होता हे खरेच. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. दोन ग्रहणांची लोकस्मृतीत गल्लत झाली असावी, असे आम्हांस वाटते. आणि दुःख त्याचे, की या गल्लतीमुळे विजयदुर्गचे खरे श्रेय झाकले गेले. ते श्रेय हेलियमचे नव्हे, धातूंचे आहे.

लॉकियरच्या मदतीस ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी होते. खग्रास स्थिती टिकणार सुमारे दोन मिनिटे; तेवढ्यात अनेक उपकरणे चालवायची, तेव्हा ज्यांचा शास्त्राशी संबंध नाही अशा माणसांना आधी कवायत देऊन तयार करावे लागले. त्याच दिवशी सोलापूरकडील जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपले पथक मांडले होते, हेही येथे सांगितले पाहिजे; या कामात आपली माणसे केवळ छत्र्या धरून उभी नव्हती.

विजयदुर्गला वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या भिंगापुढे लोलक बसविले होते. चंद्राने सूर्यबिंब झाकताच त्याच्या कडेची जी बारीक कोर उरते, तिच्याच रंगीत प्रतिमा काचेवर उमटत. एकेका मूलद्रव्याच्या प्रकाशाची एकेक कमान. त्यांत लॉकियरला धातूंच्या अशा रेषा ठळक दिसल्या, की ज्या प्रयोगशाळेत साध्या विद्युत्‌ज्योतीत फिक्या, पण प्रखर ठिणगीत तेजस्वी होतात. अतितप्त स्थितीत धातू फुटून त्यांचे ‘आद्यधातू’ होतात, असा अर्थ त्याने लावला. अर्थ पुरता बरोबर नव्हता, निरीक्षण मात्र अचूक होते. १९२० साली मेघनाद साहांनी त्याचा उलगडा केला. उष्णतेमुळे अणूतील एखादा इलेक्ट्रॉन निघून जातो व विद्युद्भारित अणू, म्हणजे आयन, शिल्लक राहतो. त्या ठळक रेषा या आयनांच्या होत्या.

आता हेच आयन पाहावयास सूर्यापर्यंत जाण्याची गरज नाही. घाटात रस्त्यासाठी वा रेल्वेसाठी काळा दगड फोडला, की त्याच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक निघतात. भोर घाटातील स्फटिक तर रेल्वेच्या कामापासून प्रसिद्ध आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले, आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे झिओलाइट तयार झाले. हे नाव स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५६ मध्ये दिले; तापविल्यावर यातले पाणी उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून ‘उकळता दगड’. त्याच्या अंगात अणूंच्या मापाच्या खोल्या व वाटा असतात. भिंती सिलिकॉन व ऑक्सिजनच्या. सिलिकॉनच्या जागी कोठे ॲल्युमिनियम आले की भिंतीवर ऋणभार येतो आणि तो फेडण्यासाठी सोडियम, कॅल्शियम यांचे आयन खोल्यांत वस्तीला येतात. हे बिऱ्हाडकरू आहेत, घरमालक नव्हेत. दुसरा आयन आला की जागा सोडतात. जड पाणी मृदू करण्याची युक्ती याच देवघेवीवर चालते.

परंतु खोलीतला आयन बसतो कोठे? दगडातला कॅल्शियम येथे मुका आहे. सूर्यावरच्या त्या कॅल्शियमने एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, म्हणून तो जांभळ्या टोकाला ठळक रेषा देतो. दगडातल्याने दोन गमावलेले असतात आणि दृश्य प्रकाशाला तो काहीच उत्तर देत नाही. तेव्हा प्रयोगशाळेत त्याच्या जागी बोलका धातू घालतात. कोबाल्ट घातलेला झिओलाइट ओला असताना गुलाबी असतो, कारण आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. तापवून पाणी घालविले, की आयन भिंतीच्या ऑक्सिजनला टेकतो, शेजारी कमी होतात, आणि दगड निळा पडतो. कोणता प्रकाश किती गिळला गेला हे मोजले, की शेजाऱ्यांची मांडणी कळते. तांब्याच्या आयनात एक एकटा इलेक्ट्रॉन असतो; चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून त्यावर सूक्ष्मतरंग सोडले, तर तो पाण्यात गरगरतो आहे की भिंतीशी खिळला आहे, हे वर्णपटाच्या आकारावरून ओळखता येते. ही पद्धत १९४४ मध्ये कझानला झाव्हॉइस्कीने शोधली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी, डी. श्रीनिवास आदींनी अशाच वर्णपटांनी टायटॅनियमयुक्त सच्छिद्र सिलिकेटांचा अभ्यास केला. येथे धातू खोलीत नसून भिंतीतच चिणलेला असतो. तो एकएकटा बसला असेल तर अतिनील प्रकाश २१० नॅनोमीटरच्या आसपास गिळतो. ऑक्साइडच्या गुठळ्या झाल्या असतील तर ३३० च्या आसपास. हा फरक कारखानदाराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण गुठळ्या हायड्रोजन पेरॉक्साइड नुसतेच वाया घालवितात, तर एकटा टायटॅनियम त्यातला ऑक्सिजन घेऊन दुसऱ्या पदार्थाला देतो, आणि मागे उरते ते पाणी. पेरॉक्साइड पडताच ती पांढरी पूड पिवळी होते. त्या क्षणी ऑक्सिजन टायटॅनियमला कसा लटकला आहे, हेच पुण्याच्या मंडळींनी वर्णपटात वाचले.