अर्ध्या तासाचा हिशेब

माझे वडील एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार होते. जेवणाच्या सुट्टीत कामगार डबे उघडत, तेव्हा वडिलांना यंत्रे पुसायला लावीत. 'सुट्टी कामात धरत नाहीत' असे वर ऐकवीत. घरातला पहिला पदवीधर झाल्यावर मी या अर्ध्या तासाचा इतिहास शोधू लागलो.

ही सुट्टी कुणी दान दिलेली नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ती मागितली. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. १८९१ च्या कायद्यात ती आली. १९४६ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेबांनी आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक मांडले. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती सक्तीची केली. ती कामाच्या तासांत मात्र धरली नाही.

१९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कामगार मानलेच नाही. कारखाना कायद्यातली आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण ही प्रकरणे त्याला लावली. तासांचे आणि विश्रांतीचे प्रकरण गाळले.

मग सुट्टी कामात धरावी काय? खरी विश्रांती असेल तर न धरणे समजू शकते. पण हातात फडके दिले की ती विश्रांती उरत नाही. ते काम असते आणि त्याची नोंद झालीच पाहिजे. आमच्या आजोबांना गावाने वतनाच्या नावाखाली राबवले. वडिलांना कारखान्याने शिक्षणाच्या नावाखाली.