ग्राइप वॉटर, बाळागोळी आणि रडणारं बाळ

आजचा एपिसोड एका बाटलीबद्दल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती प्यायली आहे, फक्त कोणाला आठवत नाही. ग्राइप वॉटर.

त्या बाटलीवरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एक गुटगुटीत बाळ सापाशी झुंजतंय. लहानपणी मला वाटायचं, हा कालियामर्दन करणारा कृष्ण. तो खरं तर ग्रीक कथेतला हर्क्युलिस आहे. पाळण्यात असतानाच त्याने दोन साप हाताने आवळून मारले, अशी ती गोष्ट. पोटात पीळ घालणारं दुखणं म्हणजे साप, आणि औषध पिऊन त्याला मारणारं ते बाळ. मार्केटिंग तेव्हाही भारीच होतं.

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या घरी सध्या सात आठवड्यांची मुलगी आहे आणि रोज संध्याकाळी सहा ते नऊ ती तिच्या पूर्ण ताकदीने रडते. पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, चेहरा लालबुंद. अशा वेळी घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो. या उपायांचा इतिहास मी शोधायला लागलो आणि तो थेट आपल्या गिरणगावात येऊन पोहोचला. म्हणून हा एपिसोड.

नॉटिंगहॅमची लेस आणि गॉडफ्रेचं औषध

सुरुवात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातून. एकोणिसाव्या शतकात हे शहर लेससाठी प्रसिद्ध होतं. लेस विणायचं यंत्र कारखान्यात, पण तिचे धागे काढणं, कडा नीट करणं हे काम बायका आणि मुली घरी बसून करायच्या. पैसे नगावर. जितकं काम, तितके पैसे. दिवस चौदा-चौदा तासांचा.

आता या घरात दोन महिन्यांचं बाळ आहे असं समजा. ते रडलं की हातातलं काम थांबणार. काम थांबलं की संध्याकाळचा पाव बंद. मग दुकानातून एक बाटली यायची, 'गॉडफ्रेज कॉर्डियल'. गोड काकवी, पाणी, थोडा मसाला आणि अफू. चमचाभर दिलं की बाळ तासन्‌तास झोपून राहायचं. १८४० च्या दशकात बालकामगारांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगासमोर नॉटिंगहॅममधल्या या सवयीबद्दल साक्षी झाल्या. कार्ल मार्क्सनेही १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात कारखान्यांच्या गावांत बाळांना अफू पाजली जाते याची नोंद घेतली आहे.

अफूने नेमकं काय होतं? आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे कळ थांबल्यासारखी वाटते. पण भूकही मरते. बाळ भुकेसाठी रडत नाही, म्हणून त्याला पाजलं जात नाही. नीट पाजलं जात नाही म्हणून ते वाळत जातं. डोस थोडा जास्त झाला तर श्वासच थांबतो. बाळ 'गुणी' झालंय असं घरच्यांना वाटतं, आणि ते उपाशी मरत असतं.

याच नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड नावाचा औषधविक्रेता होता. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या दलदलीच्या भागात तेव्हा हिवताप असायचा आणि त्यावर दिलं जाणारं एक मिश्रण लहान मुलांच्या पोटालाही आराम देतं, असं लोकांच्या लक्षात आलं होतं. वुडवर्डने १८५१ मध्ये त्यावरून स्वतःचं औषध बनवलं. शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि अल्कोहोल. १८७६ मध्ये त्याने 'ग्राइप वॉटर' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. ग्राइप म्हणजे पोटातला मुरडा.

अल्कोहोल ऐकून दचकलात ना? प्रमाण होतं ३.६ टक्के, म्हणजे जवळपास हलक्या बिअरइतकं. ब्रिटनमध्ये ते काढून टाकायला १९९२ साल उजाडलं. आज दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या बाटल्यांत ते नसतं. पण १८५१ च्या नॉटिंगहॅममध्ये उभं राहून बघा. शेजारच्या फळीवर अफूची बाटली आहे आणि या बाटलीत अफू नाही. त्या काळाच्या मानाने ही सुधारणाच होती.

शेपू, बाळंतशेपा आणि आजीची सहाण

हे वाचताना मी एका शब्दावर अडकलो. शेपू. आपण शेपूच्या बियांना काय म्हणतो? बाळंतशेपा! बाळंतिणीला जेवणानंतर ओवा, तीळ, बाळंतशेपा असं चावायला देतात, तोच. वुडवर्डने ज्या बीचं तेल बाटलीत भरलं, ती आपल्याकडे बाळाच्या आईच्या मुखवासात आहे आणि तिच्या नावातच बाळंतपण आहे. वुडवर्डने हे इथून उचललं असं मी म्हणत नाहीये. शेपू युरोपातही फार जुनी आहे. दोन लांबच्या संस्कृती एकाच रडण्यावर उत्तर शोधत एकाच बीपाशी येऊन थांबल्या, एवढंच.

आपली दुसरी गोष्ट म्हणजे बाळगुटी. सहाणेवर आईचं दूध किंवा पाणी घालून वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक यांचे मोजून वेढे द्यायचे आणि ते चाटण बाळाला द्यायचं. मुरुडशेंग बघितली आहे? पिळलेल्या दोरीसारखी दिसते आणि मुरड्यावर दिली जाते. 'बाळकडू मिळणं' हा वाक्प्रचारही इथलाच. बाळाच्या तोंडात सगळ्यात आधी जाणारं ते कडू औषध.

आमच्या आजीने सहाण काढली तेव्हा घरात छोटीशी परिषद भरली. आजी म्हणाली, "अरे, तुझ्या बापाला दिली, तुला दिली, काय झालं का तुम्हाला?" युक्तिवाद तगडा आहे. पण आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिले सहा महिने अंगावरचं दूध, वरून पाणीसुद्धा नको. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारसही हीच आहे. कारण साधं आहे. प्रत्येक वरच्या थेंबाबरोबर सहाण, चमचा, पाणी यांतले जंतू आत जातात. गुटीत मध असेल तर आणखी धोका, कारण मधातल्या एका जिवाणूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. बाळांमधला हा आजार वैद्यकशास्त्राला १९७६ मध्ये कळला. त्यामुळे आजीच्या पिढीला तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

आजी थोडी रुसली. मग बाळंतशेपा तिने सुनेसाठी भाजायला घेतला.

गिरणगावातली बाळागोळी

आता मुंबईत या. इथे १८५० च्या दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत परळ, लालबाग, वरळी भागात हजारो बायका गिरणीत कामाला होत्या. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. कोकणातून, घाटावरून आलेल्या. गावाकडे असती तशी सासू-जावांची फौज चाळीच्या खोलीत नाही. बाळंतपणाची पगारी रजा नाही. बाळ होऊन थोडे दिवस झाले की परत खात्यात हजर.

मग बाळाचं काय? एक तर गिरणीत न्यायचं आणि कापसाच्या धुळीत, यंत्रांच्या घरघरीत झोपवायचं. नाहीतर चाळीतल्या एखाद्या म्हातारीकडे ठेवायचं. दोन्हीकडे बाळाने दिवसभर शांत झोपणं गरजेचं. त्यासाठी होती 'बाळागोळी'. छोटीशी गोळी आणि तिच्यात अफू. अफू तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची आणि तिच्यावर सरकारला महसूलही मिळायचा.

१९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांच्या अहवालातला आकडा वाचून मी दोनदा तपासला. गिरणी कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती. म्हणजे ही चार-दोन निष्काळजी आयांची गोष्ट नव्हती. ही त्या शहराची रीतच होती.

त्याच काळात, १९२१ मध्ये, मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचा आकडा सहाशेच्या वर गेला होता. याचा सगळा दोष अफूला देता येणार नाही. एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबं, साथी, घाण पाणी हे सगळं त्यात आहे. शिवाय अनेक जन्मांची नोंदच होत नसे, म्हणून आकडा फुगतो. पण भूक मारणारी गोळी आणि दहा-बारा तास लांब असलेली आई, हे दोन्ही त्या हिशेबात आहेतच.

नॉटिंगहॅम आणि लालबाग यांत जवळपास ऐंशी वर्षं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. पण घटक तेच. आईला मजुरी सोडता येत नाही, बाळ रडतं, आणि कोणीतरी गुंगीचं औषध विकतं.

फरक पडला तो कायद्याने. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सदस्य होते आणि त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. भारतातला या प्रकारचा हा पहिला कायदा. मग १९६१ चा देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. फक्त आईचं दूध द्यायचं तो काळही तेवढाच आहे बघा.

मग प्रत्येक उपाय 'लागू' का पडतो?

हा माझ्या आवडीचा भाग. १९५४ मध्ये मॉरिस वेसल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने कॉलिकची व्याख्या केली. नीट दूध पिणारं, धडधाकट बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडतं, ते कॉलिक. १९६२ मध्ये बेरी ब्रेझल्टनने आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. तेव्हा दिसलं की साध्या, निरोगी बाळांचं रडणंही दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं आणि मग आपोआप उतरतं. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं शांत होतात.

आता विचार करा. आईबाप सगळ्यात जास्त हैराण कधी होतात? सहाव्या-सातव्या आठवड्यात. नवा उपाय कधी सुरू करतात? तेव्हाच. आणि आलेख त्याच वेळी खाली यायला लागतो. बेंबीभोवती हिंग लावा, ग्राइप वॉटर द्या, दृष्ट काढा. पंधरा दिवसांत फरक दिसणारच! सर्व्हर आपोआप पूर्ववत होत असताना तुम्ही रीस्टार्टचं बटण दाबलंत, तर श्रेय बटणाला जातं. पिढ्यान्‌पिढ्या आज्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं. बाळ शांत झालंच होतं.

हे तपासायचं तर काही बाळांना औषध आणि काहींना तसंच दिसणारं साधं द्रव द्यावं लागतं. गॅसवर दिल्या जाणाऱ्या सिमेथिकोन थेंबांची १९९४ मध्ये ८३ बाळांवर अशी चाचणी झाली. औषध आणि साधं द्रव यांत फरक दिसला नाही. डायसायक्लोमीन या औषधाने रडणं कमी व्हायचं, पण काही बाळांना श्वासाचा त्रास झाला. त्यामुळे सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ते देऊ नये असं १९८५ मध्ये ठरलं.

म्हणून आमच्या घरी बाटली नाही. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढतो, अंधाऱ्या खोलीत फेऱ्या मारतो, पंख्याचा आवाज सुरू ठेवतो. याने तिचं रडणं संपत नाही. आमचा धीर टिकतो. कोणी अगदीच थकलं तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर जायचं, हेही ठरलंय. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. हिरवी उलटी, ताप, शीमधून रक्त, दूध न पिणं, वजन न वाढणं किंवा बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर तो कॉलिक समजून घरी थांबायचं नाही. सरळ डॉक्टर.

पण फेऱ्या मारायला माणूस लागतो, हे मी विसरू शकत नाही. माझी पितृत्व रजा दोन आठवड्यांत संपली. रडणं शिखरावर पोहोचलं ते त्यानंतर महिनाभराने. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अशी रजा १५ दिवस मिळते, आणि खासगी कंपन्यांवर तेवढीही देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. तरी आमच्याकडे आजी आहे, बायकोची २६ आठवड्यांची रजा आहे, माझं काही दिवस घरून काम आहे. फडात ऊस तोडणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई दोन महिन्यांचं बाळ घेऊन कामावर येते, तिच्यापाशी यातलं काहीच नाही. तिच्या हातात कोणी एखादी बाटली दिली, तर तिला नावं ठेवण्याआधी तिचा दिवस किती तासांचा आहे ते विचारा.

तुमच्या घरी बाळाला काय दिलं जायचं? आजीला, पणजीला विचारा, रेकॉर्ड करा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. गिरणगावातल्या घरांमधून 'बाळागोळी' हा शब्द कोणी ऐकला असेल तर नक्कीच. पुढच्या भागात आपण बाळाच्या दुधाच्या डब्याकडे जाऊ, १८६७ च्या हेन्री नेस्लेपासून. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरात बाळ असेल तर संध्याकाळी सहा ते नऊ थोडा वेळ त्याला तुम्हीही घ्या.