अडविलेल्या वाहनांची नोंद : पोलिसी अधिकाराचा जाहीर हिशेब

वाहतूक पोलिसाने हात दाखवून वाहन बाजूला घ्यावयास लावणे, हा सामान्य नागरिकाचा पोलिसी अधिकाराशी येणारा नेहमीचा संबंध होय. कोणाला अडवावे आणि कोणाला जाऊ द्यावे, हा निर्णय बहुधा एकट्या अंमलदाराच्या हाती असतो. तो निःपक्षपाती आहे की नाही, हे पडताळण्यासाठी अमेरिकेत अशा प्रसंगांच्या नोंदी ठेवून त्या प्रसिद्ध करण्याची पद्धत रूढ झाली.

एप्रिल १९९८ मध्ये न्यू जर्सी टर्नपाइक महामार्गावर राज्य पोलिसांनी अडविलेल्या गाडीवर गोळीबार केला. आतील चार कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांपैकी तिघे जखमी झाले आणि वर्णावरून वाहने अडविली जातात, या जुन्या तक्रारीला देशभर वाचा फुटली. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने नोंदी सक्तीच्या केल्या. सॅन डिएगो आणि सॅन होजे येथील शहर पोलिसांनी कायद्याची वाट न पाहता त्या स्वतःहून सुरू केल्या. मिझुरीत २००० च्या कायद्यानुसार वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतो.

कॅलिफोर्नियाचा २०१५ चा कायदा अधिक तपशीलवार आहे. वेळ, ठिकाण, अडविण्याचे कारण, झडती, तीत सापडलेल्या वस्तू आणि अखेरची कारवाई यांची नोंद करावी लागते. काहीच कारवाई झाली नसली, तरी नोंद चुकत नाही. चालकाचा वर्ण त्याला विचारावयाचा नसतो. पोलिसाला जो वाटला तोच लिहावयाचा असतो, कारण पक्षपात पाहणाऱ्याच्या समजुतीतून उद्भवतो. चालकाचे नाव मात्र प्रसिद्ध होत नाही. मोठ्या पोलीस दलांनी १ जुलै २०१८ पासून या नोंदी सुरू केल्या.

निव्वळ लोकसंख्येशी तुलना करून निष्कर्ष निघत नाही. रस्त्यावर वाहने चालविणाऱ्यांचे प्रमाण निराळे असू शकते. म्हणून संशोधक सायंकाळच्या एकाच घटकेची तुलना करतात. ऋतुमानाप्रमाणे ती वेळ कधी उजेडाची, कधी काळोखाची असते आणि काळोखात चालकाचा वर्ण सहज दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने सुमारे १० कोटी नोंदी अभ्यासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले : अंधार पडल्यावर अडविलेल्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते, तसेच कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक चालकांची झडती तुलनेने कमी संशयावरून घेतली जाते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ज्याच्या वर्तनाची तपासणी व्हावयाची, तोच नोंद लिहितो. त्यामुळे गाळलेल्या वा चुकीच्या नोंदी शोधण्यासाठी स्वतंत्र पडताळणी लागते.

भारतात माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्यास सांगते. चलनांच्या आकडेवारीतून दंड झालेल्यांचा हिशेब मिळतो. अडवून तसेच सोडून दिलेल्यांचा मिळत नाही. अधिकार कसा वापरला गेला, हे मात्र दोन्ही हिशेब एकत्र ठेवल्यावाचून कळत नाही.