बिडाचं डोकं

बीड नावाचा आपल्याकडे एक जिल्हा आहे आणि बीड नावाचा एक धातूही आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमचाआमचा संबंध मात्र दुसऱ्या बिडाशी रोज येतो. घावन ज्याच्यावरून अलगद सुटतं तो तवा बिडाचा, रस्त्यावरच्या गटाराचं झाकण बिडाचं, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनावर बोल्टांनी आवळून बसवलेलं जे जडशीळ झाकण असतं, ज्याला आपला शेतकरी नुसतं 'हेड' म्हणतो, तेही बहुधा बिडाचंच.

बीड म्हणजे लोखंडच, पण त्यात कार्बन शंभरात 3-4 भाग. हा कार्बन आत पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. त्यामुळे बीड ओतायला सोपं, दाबाला खंबीर, पण ताण आला की खलास! घरातल्या थोरल्या काकांसारखा स्वभाव. कितीही ओझं टाका, हूं का चूं करणार नाहीत. पण तापलेले असताना कोणी पटकन काही बोललं, की तडकलेच. आमची आजी चुलीवरून उतरलेल्या तव्यावर कुणाला पाणी टाकू द्यायची नाही. "निवू दे त्याला आधी," म्हणायची. धातुशास्त्राचा हा पहिला धडा तिनं कुठल्या कॉलेजात न जाता पाठ केला होता.

ट्रॅक्टर हाकणाऱ्या पोरांना अशी आजी लाभलेली नसते. रेडिएटरमधलं पाणी कधी संपलं ते कळत नाही, इंजिन भट्टीसारखं तापतं आणि मग पोरगं धावत जाऊन विहिरीचं बादलीभर गार पाणी आणून आत ओततं. हेडला तडा जातो. पाणी तेलात शिरतं. तेलाची पट्टी ओढून बघावी तर तिला दुधाच्या चहासारखा रंग! असा चहा पाहून कुठल्याही शेतकऱ्याला तरतरी आलेली नाही.

फुटलेलं बीड सांधायचा उद्योग ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जुना आहे. चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ बीड ओतत आले. तिथल्या गावोगाव फिरणारा कारागीर खांद्यावरच्या कावडीत चिमुकली भट्टी घेऊन यायचा. कढईला भोक पडलं की वितळलेल्या बिडाचा थेंब राखेच्या गादीवर घेऊन खालून भोकाला लावायचा आणि वरून दाबायचा. झाली कढई! इंग्लंडात अब्राहम डार्बीनं 1707 साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि 1709 साली दगडी कोळशाच्या कोकवर बीड गाळून दाखवलं. बीड स्वस्त झालं आणि भांड्यांतून निघून इंजिनांत जाऊन बसलं. भांडं फुटलं तर एका घरची आमटी सांडते. इंजिन फुटलं तर काय होतं, ते 1917 साली साऱ्या जगाला कळलं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या बंदरांत जर्मन जहाजं अडकून पडली होती. अमेरिका आता युद्धात उतरणार हे दिसताच खलाशांनी आपल्याच इंजिनांवर घाव घातले. सिलिंडर बिडाचे, म्हणून मोठमोठे तुकडेच निखळले. एप्रिल 1917 मध्ये अमेरिकेनं जहाजं ताब्यात घेतली आणि इंजिनं बघून कपाळाला हात लावला. नवे सिलिंडर ओतायचे तर वर्ष तरी जाणार, आणि फ्रान्सला फौज तर आत्ता पाठवायची! बिडाला विजेचं वेल्डिंग टिकत नाही, असं पुष्कळ जाणकार म्हणत होते. नौदलानं तरीही पोलादाची ठिगळं लावून विजेच्या वेल्डिंगनं ती सांधून काढली. काही महिन्यांत जहाजं चालू झाली आणि ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याच जहाजांतून फौजा रवाना झाल्या. ठिगळानं युद्धात एवढी कामगिरी क्वचितच केली असेल.

पुढं 1930 च्या सुमारास टेक्ससच्या तेलविहिरींवर निराळीच पंचाईत. आजूबाजूला तेल आणि गॅस, तिथं वेल्डिंगची ठिणगी कोण पाडणार? मग तड्याला आडव्या खाचा पाडून त्यांत धातूच्या पट्ट्या ठोकून बसवायची युक्ती निघाली. म्हणजे चक्क टाके! गोधडी शिवणाऱ्या बायकांनी पाहिलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "यात नवीन ते काय?"

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजेनं मागे टाकलेले ट्रॅक्टर कांस नावाचं चिवट गवत उपटायला जुंपले. त्याच कामाच्या यंत्रांसाठी 1949 साली जागतिक बँकेनं 1 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. 1959 साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं चेकोस्लोव्हाकिया, रशिया, पोलंड असे ठिकठिकाणचे ट्रॅक्टर येत राहिले. ट्रॅक्टर यायचा बोटीनं आणि सुटे भाग यायचे नशिबानं. म्हणून गावोगावचे मिस्त्री शिकले.

आमच्या दाजींच्या जुन्या ट्रॅक्टरचं हेड 1983 च्या मे महिन्यात तडकलं. तालुक्याच्या एका वेल्डिंगवाल्यानं दहा मिनिटांत सांधून हातात दिलं. घरी आणेपर्यंत जोडाच्या शेजारी नवा तडा! नवं हेड महिनाभर मिळणार नव्हतं, आणि मृग पंधरा दिवसांवर. दाजींनी जेवण टाकलं. मग गावातले म्हातारे मिस्त्री आले.

त्यांनी तड्यावर रॉकेल चोळून पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली. आत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटलं आणि केसाएवढी रेघ दिसली. रेघेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली. "म्हंजी पुढं पळत न्हाई," ते म्हणाले. मग रेघ खोदून परड्यात गोवऱ्या आणि कोळसा रचला, अख्खं हेड अंधुक लाल होईतो हळूहळू तापवलं, बिडाची काडी आणि गॅस घेऊन जोड भरला आणि लगेच ते धूड चुलीच्या राखेत पुरून टाकलं.

"आता?" दाजींनी विचारलं.

"आता तुमी झोपा, मालक."

दाजी कसले झोपतात! रात्री दोनदा कंदील घेऊन उठले. दोन्ही वेळा मिस्त्री राखेच्या ढिगाशेजारी बसलेले. "उगडलं तर फुटंल. बीड आन् रागावल्यालं माणूस, आपसूक निवू द्यावं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेड निघालं. पाणी भरून पाहिलं, थेंब गळाला नाही. तालुक्याला नेऊन बूड सपाट घासून आणलं आणि मृगाच्या आधी चार दिवस ट्रॅक्टर शेतात उतरला.

ज्याला टाकून द्यायची ऐपत नाही, त्यालाच सांधायचं सुचतं. मग तो कावडवाला असो, घाईला आलेलं नौदल असो, नाहीतर गावचे मिस्त्री. मला हे सगळं मोठं थोर वाटलं आणि मी ते आक्काला सांगायला गेलो. आक्का म्हणाली, "ते खरं, पण भांडी घासायची माझी महिन्याची राख त्यात गेली, तिचं काय?"