डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय? आधी एसक्यूएल नीट शिका. दूध डेअरीच्या हिशेबातून समजून घ्या

पदवी झालेल्या ग्रामीण भागातील मुला-मुलींना नोकरीच्या जाहिरातींत सध्या 'डेटा अ‍ॅनालिस्ट' किंवा 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' ही पदे वारंवार दिसतात. मागितलेल्या कौशल्यांत एक्सेलच्या शेजारी बहुतेक वेळा एसक्यूएल हा शब्द असतो. एमएससीआयटी करून एक्सेल हाताखालून गेलेले असते, पण एसक्यूएल म्हटले की अनेकांची गाडी तिथेच अडते. खरे तर ही भाषा शिकायला इंजिनिअरच असावे लागते असे काही नाही.

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी सामाईक क्रमांकाने जोडायचे, ही कल्पना आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्यावर आधारित ही भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये पुढे आणली. १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. पन्नास वर्षे झाली तरी पाया तोच आहे, त्यामुळे आज शिकलेले दोन वर्षांत जुने होईल ही भीती नको.

मग एक्सेल का पुरत नाही? गावातल्या दूध संकलन केंद्राचे गणित घ्या. ४०० सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, म्हणजे वर्षाला २,९२,००० नोंदी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. चौथ्या वर्षी शीट भरली! डेटाबेसला एवढ्या नोंदी म्हणजे किरकोळ काम.

डेअरीत समजा तीन तक्ते आहेत: सभासद, रोजचे संकलन आणि उचल. दसवड्याला कोणाचे किती लिटर झाले, हे काढायला संकलनाच्या तक्त्यातून (फ्रॉम) त्या दहा दिवसांच्या नोंदी गाळायच्या (व्हेअर), सभासद क्रमांकानुसार गट करायचे (ग्रुप बाय) आणि लिटरची बेरीज दाखवायची (सिलेक्ट). गट झाल्यावर पुन्हा चाळण लावायची, उदाहरणार्थ १०० लिटरच्या वरचेच दाखव, तर हॅविंग. प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत टाइप करायचे असतात. लिहिताना सिलेक्ट पहिले येते, पण अर्थ लावताना सुरुवात फ्रॉमपासून होते. हे एकदा डोक्यात बसले की निम्मा गोंधळ मिटतो.

इथपर्यंत आठ-दहा दिवसांत कोणीही पोहोचते. खरी परीक्षा तक्ते जोडताना लागते, कारण चूक झाली तरी संगणक तक्रार करत नाही. चुकीचा आकडा बिनबोभाट समोर ठेवतो.

या दसवड्यात कोणी एक लिटरही दूध घातले नाही, हे शोधायचे आहे असे समजा. सभासद आणि संकलन साध्या जॉइनने जोडले, तर दूध न घातलेले सभासद यादीतून गायबच होतात. तिथे लेफ्ट जॉइन लागतो. त्यातही तारखेची अट जोडणीच्या ठिकाणी, म्हणजे ऑनमध्ये द्यावी लागते. ती व्हेअरमध्ये टाकली की ते सभासद पुन्हा गळतात. डेअरीऐवजी हीच यादी अनुदानाच्या लाभार्थ्यांची असेल, तर गळालेल्या माणसाला आपले नाव का नाही हे कळतही नाही.

दुसरा सापळा उचलीचा. एखाद्याने दसवड्यात दोनदा उचल घेतली असेल आणि संकलन व उचल थेट जोडले, तर त्याची प्रत्येक नोंद दोनदा येते. ३०० लिटरचे ६०० होतात. आधी दोन्ही तक्त्यांची सभासदनिहाय बेरीज करावी आणि मगच जोडावे.

फॅटची सरासरी हा त्याहून फसवा प्रकार. सकाळी १० लिटर ३.५ फॅटने आणि संध्याकाळी २ लिटर ४.७ फॅटने आले. सरळ सरासरी ४.१ येते, लिटरच्या प्रमाणात काढली तर ३.७. पैसे कोणत्या आकड्यावर द्यायचे हे भाषा सांगत नाही, ते धंदा कळणाऱ्याने ठरवायचे. शेती, डेअरी, बाजार समिती जवळून पाहिलेल्या मुलांची जमेची बाजू नेमकी हीच आहे.

फॅट लिहायचेच राहिले असेल तर ती जागा 'नल' असते. नल म्हणजे शून्य नव्हे. '३.५ पेक्षा कमी' विचारा किंवा '३.५ आणि जास्त' विचारा, ती नोंद दोन्हीकडे येत नाही. नावांचेही तसेच. अण्णासाहेब आणि आण्णासाहेब संगणकासाठी दोन वेगळी माणसे. म्हणून जोडणी नेहमी क्रमांकावरच करावी.

सरावासाठी खर्च नाही. एसक्यूलाइट, पोस्टग्रेएसक्यूएल मोफत आहेत. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो, साध्या जुन्या संगणकावरही चालतो आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट लागत नाही. वीज-रेंजची बोंब असलेल्या गावांत हे महत्त्वाचे. मोबाइलवर व्हिडिओ पाहता येतात, पण हात कीबोर्डवरच बसतो. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर डेटाबेसचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. शुल्क प्रमाणपत्राच्या परीक्षेला. सरावाला खरी आकडेवारी हवी तर बाजार समित्यांतील आवक आणि दर अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात.

'हमखास नोकरी' सांगून मोठी फी घेणाऱ्या क्लासकडे जाण्याआधी किमान महिनाभर हा सराव घरी करून पाहावा. नुसत्या एसक्यूएलवर नोकरी क्वचितच मिळते. एक्सेल पक्के हवे, पॉवर बीआयसारखे आलेख-अहवालाचे साधन हवे आणि कामापुरते इंग्रजी वाचता यायला हवे. एआय आता क्वेरी लिहून देते हे खरे, पण ६०० लिटरचा आकडा पाहून 'या माणसाच्या दोनच म्हशी आहेत' असा संशय यायला माणूसच लागतो. मुलाखतीत बहुधा दोन छोटे तक्ते देऊन क्वेरी लिहायला सांगतात. दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधा, हा तर ठरलेला प्रश्न. तिथे प्रमाणपत्र बाजूला राहते. स्वतः बाजारभावांवर विचारलेले दहा प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका फाइलमध्ये तयार असतील, तर बोलायला काहीतरी हातात असते.