पश्चिम घाट परिसर-तज्ज्ञ गट (गाडगीळ समिती)

पश्चिम घाटाच्या रक्षणासंबंधी शासनास सल्ला देण्यासाठी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये नेमलेला गट. अध्यक्ष माधव गाडगीळ (जन्म १९४२, पुणे) ह्यांच्या नावाने तो गाडगीळ समिती म्हणून लोकांच्या तोंडी रुळला.

घाट वाचवा, ही हाक मुळात शास्त्रज्ञांपुरती नव्हती. १९८७-८८ च्या हिवाळ्यात उत्तरेस नवापूरहून आणि दक्षिणेस कन्याकुमारीहून निघालेले पदयात्री सुमारे शंभर दिवसांच्या पायपिटीनंतर गोव्यात रामनाथी येथे एकत्र आले, तेव्हा तिला सार्वजनिक रूप मिळाले. आणि त्याच परंपरेतील कार्यकर्त्यांचा मेळावा फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतील कोटगिरी येथे भरला असता तत्कालीन मंत्री जयराम रमेश त्यास उपस्थित राहिले, त्याची परिणती ह्या गटाच्या नेमणुकीत झाली. अध्यक्षांस शास्त्र आणि राज्यकारभार ह्यांचे नाते घरातूनच परिचित होते. वडील धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते, आणि माधवरावांनी स्वतः पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर काम केले होते.

गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यांत पसरलेल्या सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर प्रदेशाचे गटाने अदमासे ९ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले, आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती, वनाच्छादन, उतार इत्यादी कसोट्यांवर प्रत्येकास गुण देऊन, तालुका हे एकक धरून, संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणीत नव्या खाणीस परवाना नाही, चालू खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद, मोठे धरण नाही, अशा शिफारशी होत्या. रासायनिक कीटकनाशकांचा वापर थांबविण्यासाठी तिन्ही श्रेणींस अनुक्रमे पाच, आठ व दहा वर्षांची मुदत सुचविली होती.

तथापि ह्या अहवालाचे खरे वैशिष्ट्य निर्बंधांत नाही, आणि विरोधकांनी तेवढेच नेमके वाचले. ह्या श्रेणी म्हणजे वरून सुटलेले फर्मान नसून चर्चेसाठी मांडलेला प्रस्ताव होय, तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा आणि त्यांच्या मतानुसार सीमा व नियम पक्के व्हावेत, असा गटाचा आग्रह होता. महाबळेश्वर-पाचगणी परिसर संवेदनशील ठरविल्यावर तेथे लोकसहभागाऐवजी परवान्यांचे राज्य कसे माजले, ह्याचा अनुभव त्यामागे होता. शास्त्रज्ञाने दरबारी सल्ला द्यावा, दरबाराने तो मानावा वा फेटाळावा, ह्या दुपदरी व्यवहारात गाव हा तिसरा पक्ष बसविण्याचा हा प्रयत्न होता. तो पुढे कोणाच्याच सोयीचा ठरला नाही.

ऑगस्ट २०११ च्या अखेरीस अहवाल सादर झाला आणि मंत्रालयाच्या दप्तरी पडून राहिला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली तेव्हा तो अद्याप अंतिम नाही, ही सबब पुढे आली. केंद्रीय माहिती आयोगाने ती अमान्य केली, दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला, आणि मे २०१२ मध्ये अहवाल जनतेपुढे आला. ज्याची छाननी गावोगाव व्हायची तो लेख नऊ महिने कुलूपबंद राहिला, ह्यास दफ्तरदिरंगाई म्हणणे हा सौम्यपणा होईल.

ऑगस्ट २०१२ मध्ये अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन ह्यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने मनुष्यवस्तीचा, शेतीमळ्यांचा भाग वगळून उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाचा सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरविला. एवढ्यावरही केरळातील डोंगरी जिल्ह्यांत बंद झाले. संवेदनशील क्षेत्र घोषित करणाऱ्या अधिसूचनेच्या मार्च २०१४ च्या पहिल्या मसुद्यात ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होते, पैकी महाराष्ट्राचे १७,३४० व गोव्याचे १,४६१. राज्यांच्या हरकती येत राहिल्या, मसुद्यांची मुदत संपत गेली आणि नवे मसुदे निघत राहिले.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन सुमारे दीडशे माणसे दगावली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, गाडगीळ गटाने पहिल्या श्रेणीत घातलेल्या वायनाडमधील वैतिरी तालुक्यात डोंगर खचून वस्त्या वाहून गेल्या. अधिसूचनेचा सहावा मसुदा दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैच्या तारखेने निघाला.