बोटीची लाट काठापर्यंत येते

दोन शनिवार रिलीजच्या गडबडीत गेले, म्हणून लेख नाही. आजचा विषय जरा वेगळा आहे: पाण्यावरची बेफिकिरी. म्हणजे बोट बेदरकारपणे, कधीकधी पिऊन, चालवणं आणि त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजणं.

हा विषय डोक्यात आला तो धाटावमुळे. रोह्याजवळचं धाटाव बहुतेकांना एमआयडीसी म्हणून माहीत असतं. माझे काका तिथल्या एका केमिकल कारखान्यात होते आणि मी इंजिनिअरिंग लोणेरेला केलं, त्यामुळे सुट्टीतला मुक्काम धाटावलाच. शेजारून वाहते ती कुंडलिका. आता गंमत बघा. कोकणातल्या नद्या साधारण पावसाळ्यात धो धो आणि मे महिन्यात नुसते दगड. कुंडलिकेला मात्र एप्रिल-मे मध्येही पाणी असतं. का? कारण ते पाणी तिचं नाहीच! ते मुळशीचं.

मुळा नदी खरं तर पूर्वेला जाणारी. तिचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२७ साली भिरा वीजघर सुरू झालं. याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, हे शाळेत आपण एका ओळीत वाचलेलं असतं. वीज बनवून झालेलं ते पाणी कुंडलिकेत येतं, पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडतं, तिथून कालव्यांना जातं, एमआयडीसीला जातं आणि उरलेलं धाटाव, रोहा, अष्टमी करत रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. थोडक्यात, भिऱ्यापासून डोलवहाळपर्यंतची कुंडलिका म्हणजे अर्धी नदी आणि अर्धा कालवा. वीजघराचा नळ सुरू झाला की पाणी वाढतं, बंद झाला की उतरतं.

याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट सुटतात. पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांच्या टीम आउटिंगचा हा ठरलेला कार्यक्रम. आदल्या रात्री रिसॉर्टवर 'बसायचं' आणि सकाळी डोळे चोळत लाइफ जॅकेट चढवायचं. गाइड बिचारा घसा फोडून सूचना सांगत असतो आणि मागच्या रांगेत कुणीतरी "अरे काही होत नाही यार" म्हणत असतो. हे वाक्य आपल्या जमातीचं ब्रीदवाक्यच आहे म्हणा ना :)

"काही होत नाही" म्हणणारा फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. तो बुडाला तर उडी मारणार गावातला पोरगा. राफ्टच्या वाटेत घाटावर कपडे धुणारी बाई असते, गुरं पाण्यावर आणलेला म्हातारा असतो. त्यांनी कुठलंही पॅकेज बुक केलेलं नसतं. धाटावकरांना हे वेगळं समजवायला नको. वर कुणी काय सोडलं याचा हिशोब खालच्या गावांना चुकवावा लागतो, हे त्यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यात अनेक वर्षं पाहिलंय.

आता थोडं फिजिक्स. कंटाळू नका, गोष्ट मजेदार आहे.

१८३४ साली स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या युनियन कॅनॉलवर जॉन स्कॉट रसेल नावाचा इंजिनिअर बोटींचे प्रयोग बघत होता. घोड्यांची जोडी काठावरून दोरीने बोट ओढत होती. बोट अचानक थांबली, पण बोटीपुढे जमलेलं पाणी काही थांबलं नाही. त्याचा एक गुळगुळीत गोल उंचवटा झाला आणि तो कालव्यातून सरळ पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. सुमारे तीस फूट लांब, फूट-दीड फूट उंच अशी ती एकटी लाट ताशी आठ-नऊ मैलांनी मैल-दोन मैल पळत राहिली, आकार फारसा न बदलता. पुढे या प्रकाराला सॉलिटॉन नाव पडलं आणि दीडेकशे वर्षांनी ऑप्टिकल फायबरमधून सिग्नल लांब पाठवायच्या संशोधनात हीच कल्पना कामाला आली. तुम्ही-आम्ही ज्या नेटवर्कवर पोट भरतो, त्याचा एक धागा असा एका कालव्यात सापडतो.

आपल्या मुद्द्याची गोष्ट ही, की उघड्या समुद्रात बोटीची लाट चहूकडे पसरते आणि विरते. कालव्यात तिला बाजूला पसरायला जागाच नसते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: गुरुत्वाकर्षण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. दीड मीटर खोलीला हा वेग ताशी साधारण १४ किलोमीटर येतो, म्हणजे रसेलने घोड्यावरून मोजला तेवढाच! बोट या वेगाच्या जवळ गेली की पुढे पाणी तुंबतं आणि मागे उसळणारी लाट काठ पोखरते. म्हणून इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर आजही साधारण ताशी ४ मैलांची मर्यादा आहे, चालत्या माणसापेक्षा किंचित जास्त. ही मर्यादा बोटीतल्या माणसाला वाचवण्यापुरती नाही. ती काठासाठी आहे आणि काठाला बांधलेल्या दुसऱ्या बोटींसाठी आहे. व्हेनिसमध्ये मोटारबोटींच्या लाटांनी घरांचे पाये झिजतात ही तक्रार जुनीच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर दोन पर्यटक तिथल्या ग्रँड कॅनॉलमधून मोटार लावलेल्या सर्फबोर्डवर सुसाट गेले. दोघांना पकडून दंड झाला. पण एखाद्या पायाची एवढीशी माती निसटली असेल, तर ती कोण परत आणून लावणार?

मग कायदा काय म्हणतो? मेकॉलेच्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा १८३७ साली दिला, कायदा १८६० साली झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यात तीन कलमं जवळजवळ होती. २७९, रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणं. २८०, जहाज किंवा होडी बेदरकारपणे हाकणं. आणि २८२, भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या होडीतून माणसं नेणं. २८० ची शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम! हा हजाराचा आकडा तसाच बसून राहिला तो थेट १ जुलै २०२४ पर्यंत. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता आली, २८० चं २८२ झालं, २८२ चं २८४ झालं आणि बेदरकार होडी हाकण्याचा दंड दहा हजारांपर्यंत गेला. कैद सहा महिन्यांचीच राहिली.

दारूचं बघा. रस्त्यावर आकडा ठरलेला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पण त्या कायद्यातलं 'मोटार वाहन' म्हणजे रस्त्यावर चालण्याजोगं वाहन. न्याय संहितेचं होडीवालं कलम रक्तात किती होती ते विचारत नाही, जिवाला धोका होईल असं वागलास का एवढंच विचारतं. तत्त्व म्हणून हे चांगलंच आहे. फक्त रस्त्यावर नाक्यावर उभा असलेला हवालदार तोंडाला यंत्र लावून अपघात व्हायच्या आधी अडवतो. पाण्यावर असा प्रश्न बहुतेक वेळा बोट उलटल्यावर विचारला जातो.

आता एक जुनी गोष्ट. कोकणातल्या घराघरात ती माहीत आहे.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' आगबोट सकाळी रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ, वादळी समुद्रात ती कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. बोटीवर सुमारे सातशे माणसं होती, त्यातली सहाशेहून जास्त गेली. कितीतरी जणांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. त्या काळात अलिबाग-पेण-रोह्याकडच्या चाकरमान्याला ही आगबोट म्हणजे आजची एसटी होती.

तो दिवस आषाढ अमावस्येचा, म्हणजे गटारीचा. त्यामुळे आजही कुणीतरी "गटारीला रामदास बुडाली" असं म्हणतं आणि ऐकणारा मान हलवतो, जणू काय झालं असेल ते त्याला कळलंच. मला याचा राग येतो. ती बोट कुणाच्या पिण्याने बुडाली नाही. भर पावसाळ्यातला समुद्र होता, उसळलेल्या लाटा होत्या आणि एका बाजूला झुकलेली गर्दी होती, असंच वाचलेल्यांनी सांगितलं. सणाला घरी निघालेल्या माणसांवर सणाचं नाव चिकटलं आणि पावसाळ्यात एवढी माणसं घेऊन बोट सोडावी की नाही हा प्रश्न मागे पडला. दारूला दोष देणं सोपं असतं, कारण मग व्यवस्थेला काही विचारावं लागत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. लंडनला थेम्स नदीवर २० ऑगस्ट १९८९ च्या मध्यरात्रीनंतर 'बोबेल' नावाचं वाळू काढणारं अवजड जहाज 'मार्शनेस' या छोट्या बोटीवर आदळलं. बोटीवर वाढदिवसाची पार्टी चालू होती. ५१ जण गेले. बोबेलच्या कप्तानाने आदल्या दुपारी सहा पाइंट बिअर घेतली होती, हे नंतर पुढे आलं. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते मात्र दोन्ही बोटींवर नीट नजर न ठेवण्यावर. कप्तानावर दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. मृतांच्या नातेवाईकांनी मात्र पिच्छा सोडला नाही. २००२ साली थेम्सवर जीवरक्षक बोटींची ठाणी आली आणि २००३ च्या कायद्याने व्यावसायिक खलाशांसाठी अल्कोहोलची मर्यादा ठरवली. हौशी बोटवाल्यांसाठीचं कलमही लिहिलं गेलं, पण ते कित्येक वर्षं लागूच झालं नाही. हौशी माणूस सगळीकडे लाडका!

आणि आता अगदी अलीकडचं, आपल्याच रायगडच्या पाण्यातलं. १८ डिसेंबर २०२४, दुपारी चारच्या सुमारास. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. त्याआधी काही क्षण ती बोट पाण्यावर वळणं घेत असल्याचं एका प्रवाशाच्या मोबाइलमध्ये टिपलं गेलं. १५ जण गेले, त्यात एक सात वर्षांचा मुलगा. जेएनपीएची पायलट बोट आणि आजूबाजूच्या बोटी धावल्या म्हणून बाकीचे वाचले. गुन्हा नोंदवताना पोलिसांनी लावलेल्या कलमांत तेच नवं २८२ होतं. आणि नीलकमलला परवानगी ८४ प्रवाशांची असताना बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती, हेही बाहेर आलं. दारूचा विषय इथे नव्हताच.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चाचणी कधी प्रॉडक्शनवर करत नाही. म्हणजे करू नये असं म्हणतात :) कारण तिथे खरी माणसं असतात. गेटवे ते घारापुरी हा रोज पर्यटकांचा मार्ग म्हणजे भरधाव प्रॉडक्शनच आहे.

या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की मला दिसतं ते असं. दारू हा बेफिकिरीचा एक प्रकार आहे, एकमेव नाही. जादा भरलेली बोट, गर्दीच्या मार्गातली चाचणी, न घातलेलं लाइफ जॅकेट आणि रात्रीची न उतरलेली बाटली, सगळ्यांमागे वाक्य एकच: "काही होत नाही." रस्त्यावर चूक झाली तर निदान ब्रेक असतो, फूटपाथ असतो. पाण्यावर बोटीला ब्रेक नसतो आणि पळायला जमीन नसते. म्हणून तिथे नियम जास्त कडक हवेत, आपल्याकडे मात्र लोक पाण्यावर गेले की उलट जास्त सैल होतात. मोकळं वाटतं ना! पण पाणी मोकळं दिसतं एवढंच. त्यात दुसऱ्याची बोट असते, दुसऱ्याचा घाट असतो.

करता काय येईल? फार मोठं काही नाही. आउटिंग ठरवणाऱ्याने 'बसण्याची' रात्र राफ्टिंगच्या नंतरची ठेवावी, आदली नव्हे. बोटवाल्याने जास्त माणसं घेतली तर खाली उतरून पुढची बोट घ्यावी, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. जॅकेट सीटखाली नाही तर अंगावर असावं. आणि कुंडलिकेच्या काठावर बाई कपडे धूत असेल तर गाइडला सांगून राफ्ट जरा लांबून न्यावी, तिच्यावर पाणी उडवून हसू नये. एवढं साधं तर आपल्याला जमायला हरकत नाही.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी रामदासच्या आठवणी असतील, आजी-आजोबांकडून ऐकलेल्या, तर त्या लिहून ठेवा. ती पिढी आता फार थोडी उरली आहे आणि सहाशेहून जास्त माणसांची गोष्ट "गटारीला बुडाली" या दोन शब्दांत संपू नये, असं मला मनापासून वाटतं.